शेजारच्या शहराशी सहकार्य कसे करावे

परवा एका बैठकीला गेलो होतो. अकोला आणि अमरावतीनं मिळून या भागाचा उद्योग-व्यापार कसा वाढवावा, हा विषय. बैठक दोनपैकी एका शहरात होती, कोणत्या ते सांगत नाही, लगेच दुसरं खूश होईल. वेळ ११ ची, सुरू झाली दीडला. बॅनरवर कोणाचं नाव आधी, हे ठरेना. शेवटी बॅनर उलटा टांगला आणि पोहे वाटले.

मी मूर्तिजापूर तालुक्यातला. म्हणजे दोघांच्या मधला, म्हणजे कोणाचाच नाही. तिथं जे शिकलो ते तुमच्याही कामी यावं.

शेजाऱ्याला जे मिळालं, तेच मागा. २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान उडालं, की त्याच दिवशी अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी आठवली पाहिजे. एरवी विसरलात तरी चालेल.

रस्त्याचं कौतुक करत राहा. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला, हे प्रत्येक भाषणात आलंच पाहिजे. त्यावरून आपला कोणता पक्का माल जातो, असं विचारणाऱ्याला माइक देऊ नका. मला दिला नाही.

शाल-श्रीफळ विसरू नका.

आणि कामं चुकूनही वाटून घेऊ नका. अकोल्यात डाळ मिला आहेत, १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेला वस्त्रोद्योग पार्क होतोय. तुम्ही डाळ बघा, आम्ही कापड बघतो, असं कोणी म्हणालं तर मोठेपणा जाईल ना! त्यापेक्षा दोघांनी तेच मागावं, दोघांनी वाट पाहावी. तोवर आमचा कापूस आहेच. क्विंटलभर कापसातून निघते जेमतेम ३४ किलो रुई, तिच्या गाठी होऊन ट्रकनं बाहेर जातात. वर्षभरानं तिचाच सदरा आम्ही बाजारात घासाघीस करून घेतो. हाच कापूस न्यायला १९०३ साली इंग्रजांच्या काळात मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत रूळ टाकले, पुढं अचलपूरपर्यंत. आता त्यावरची शकुंतला रेल्वे बंद आहे आणि रुळांत बाभळी उगवल्यात. खारपाणपट्टा दोन्ही जिल्ह्यांत आहे, खारं पाणी काही जिल्हा पाहून येत नाही. पण त्यावर एकत्र बसून एक कागद करा म्हटलं, तर साहेब घड्याळ पाहतात.

बैठक सुटली साडेपाचला. स्टँडवर गावाकडच्या गाडीचं विचारलं. खिडकीतला म्हणे, "ते आमच्या डेपोची नोय बावा, तिकडच्यांले विचारा." तिकडं फोन लावला. ते म्हणे, "आमची नाही, त्यांची." कडब्याच्या ट्रकमध्ये बसून रात्री साडेदहाला घरी पोहोचलो.

काहो साहेब, १०० किलोमीटरवरच्या दोन गावांना एक बस एकमेकांत वाटून घेता येत नाही आणि तुम्ही अर्थव्यवस्था जोडायला निघालात? लाज वाटू द्या थोडी. माझ्या गावची पोरगी अकोल्याला शिकते, शेवटची गाडी चुकली की तिचा बाप सीमेवरच्या फाट्यावर मोटारसायकल घेऊन अंधारात उभा राहतो. तुमचा बॅनर नको आम्हाला. आधी ती संध्याकाळची गाडी सोडा, डेपो कोणाचा ते नंतर भांडा.