‘पाण्याचे गाव बघून घेईल, सरकार नको’ : एका दाव्याचा प्रतिवाद

दुष्काळाची चर्चा सुरू झाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने सरकारच्या मदतीवाचून पाण्याचा प्रश्न सोडवला, तसेच प्रत्येक गावाने करावे, वरचे कायदे आणि प्राधिकरणे हवीत कशाला? जोडीला, सामायिक संसाधने लोक स्वतःच नियम करून सांभाळू शकतात हे दाखवणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रम यांच्या 2009 च्या नोबेलचा दाखला असतो.

‘मदतीवाचून’ हे मुळातच खरे नाही. तिथली मृद व जलसंधारणाची कामे मुख्यतः रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेच्या पैशातून झाली. गावाचे श्रेय वेगळे आणि मोठे आहे: दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडणे, सिंचनासाठी कूपनलिका न घेणे आणि ऊस न लावणे हे नियम ग्रामसभेने केले आणि पाळून दाखवले.

मात्र असे नियम पाळणे किती महाग पडते, हे गावाबाहेर ठरते. मीटर नसलेल्या शेतीपंपाचे बिल अश्वशक्तीवर येई, म्हणजे पंप तासभर जास्त चालवण्याचा जादा खर्च शून्य. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिलच माफ आहे. रात्री वीज कधी येईल याचा नेम नसल्याने शेतकरी ऑटो स्विच लावून झोपतो आणि पिकाला गरज असो वा नसो, वीज येताच मोटर सुरू होते. उसाला केंद्राने ठरवलेला दर आणि कारखान्याची खरेदी असते. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, खरेदी मात्र नाममात्र होते. या व्यवस्थेत ऊस लावणारा शेतकरी बेजबाबदार नव्हे, हिशेबी आहे. ग्रामसभेने त्याला दरसाल तोटा सोसायला सांगावे आणि दर ठरवणाऱ्यांनी मात्र हात झटकावेत, ही वाटणी मला तरी न्याय्य वाटत नाही.

शिवाय भूजल गावाची शीव मानत नाही, आणि शिवेपलीकडच्या कूपनलिकेवर ग्रामसभेचा अधिकारही चालत नाही. शेतीसाठी साठ मीटरहून खोल विहिरींना मनाई करणारा 2009 चा राज्याचा भूजल कायदा त्यासाठीच आहे. अंमलबजावणी ढिली आहे हे मान्य, पण ती तक्रार कायदा नको म्हणणाऱ्यांच्या कामाची नाही.

राहिला ऑस्ट्रम यांचा दाखला. मोठ्या व्यवस्थेचा भाग असलेल्या संसाधनाचा कारभार एकात एक गुंफलेल्या स्तरांवर चालावा, हे त्यांच्याच तत्त्वांपैकी एक आहे. गोदावरीवर पैठणला असलेल्या जायकवाडी धरणाचा साठा 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांखाली असेल तर वरच्या अंगाच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे, असा आदेश राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 2014 मध्ये दिला. पैठणखालच्या कोणत्याही ग्रामसभेला नुसता ठराव करून ते पाणी मिळाले नसते.