रामबागेची गच्ची, डॉर्टमुंडचा वाफा

गेल्या रविवारी इंदूरहून मला इथे, जर्मनीतील डॉर्टमुंडला, धाकट्या भावाचा फोन आला. रामबागेतील आमच्या इमारतीच्या सभेत एका सभासदाने गच्चीवरील सगळ्या कुंड्या हटवाव्यात असा प्रस्ताव मांडला, आणि शहरात पिकवलेली भाजी शेतातल्या भाजीच्या सहापट कार्बन हवेत सोडते, हे त्याचे कारण दिले. "ताई, आता तूच सांग, आईचे डबे ठेवायचे की काढायचे?" असे भावाने विचारले. गच्चीला ओल येते असे त्या गृहस्थांनी म्हटले असते, तर मी गप्प बसले असते. पण जो आकडा त्यांनी पुढे केला तो माझ्या दाराशी मोजलेला आहे, त्यांच्या नव्हे.

मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला हा अभ्यास जानेवारी 2024 मध्ये 'नेचर सिटीज' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फ्रान्स, जर्मनी, पोलंड, ब्रिटन आणि अमेरिका या देशांतील 73 बागा आणि शहरी शेते त्यात तपासली गेली. भारतातील एकही नव्हती. एका वाढणीमागे सरासरी 0.42 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार शहरी भाजीचा निघाला, तर नेहमीच्या शेतीचा 0.07 किलो. सभेत एवढेच वाचले गेले. त्याच 73 पैकी 17 ठिकाणे नेहमीच्या शेतीपेक्षा सरस ठरली, हे वाचले गेले नाही. भार वाढतो तो मुख्यतः फळ्यांचे उंच वाफे, शेड, पायवाटा अशा बांधकामामुळे, आणि पाच वर्षांत मोडीत निघणाऱ्या वाफ्याचा वाढणीमागील भार वीस वर्षे टिकणाऱ्या वाफ्याच्या सुमारे चौपट असतो, हेही राहून गेले.

आईच्या गच्चीवर यांपैकी काय आहे? तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे, तळ फुटलेली बादली आणि मालव्याची काळी माती. त्या डब्यांवर माझ्या लग्नाआधीपासून गिलकीचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल चढतो आहे.

तरीही मोजूच नये, असे मी म्हणत नाही; इंदूरचे इंदूरमध्ये मोजावे, एवढेच माझे म्हणणे आहे. तिथे पहिला हिशेब पाण्याचा लागेल. नर्मदेचे पाणी तिच्या काठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर दूर, विंध्याचा चढ चढवून पंपांनी आणावे लागते, आणि त्या विजेचा भार इतका मोठा आहे की महापालिकेने 2023 मध्ये तिथल्या सौर प्रकल्पासाठी हरित रोखे काढले. आई डाळ-तांदूळ धुतलेले पाणी घालते की नळाचे, यावर तिच्या गिलकीचा आकडा बराच ठरेल. दाबून भरलेल्या, हवा न लागणाऱ्या कंपोस्टच्या मडक्यातून मिथेन निघतो, तोही धरावा लागेल. दुसऱ्या पारड्यात, बाजारच्या भाजीच्या बाजूला, शहरातल्या चोइथराम मंडीपर्यंतची वाहतूक आणि तिथे सडून जाणारा माल येईल. हे सगळे न मोजता डबे काढणे मला अन्यायाचे वाटते.

हे मी इतक्या तावातावाने लिहिते आहे, कारण तो सहापटीचा आकडा माझ्या पार्सेलला, म्हणजे इथल्या बागेच्या तुकड्याला, लागू पडतो. तीन वर्षांपूर्वी मी बाउमार्क्टमधून, म्हणजे बांधकाम-बागकामाच्या सामानाच्या दुकानातून, वाफ्यासाठी नव्या फळ्या आणि पीटमिश्रित मातीच्या पिशव्या आणल्या. हजारो वर्षे दलदलीत साठलेला कार्बन पीट उपसताना मोकळा होतो, हे तेव्हा मला ठाऊक होते. फळ्या या वसंतात कुजल्या आणि मी पुन्हा नव्या आणल्या. मेथी बरी येते, पण गिलकीला इथला उन्हाळा पुरत नाही. बिया दरवर्षी इंदूरहून येतात, आणि त्या आणण्यासाठी नसला तरी माझा जो विमानप्रवास होतो, त्याचा भार टनांत आहे. तो हिशेब मी कुठल्याही सभेपुढे ठेवलेला नाही.

भावाला मी आधी डब्यांच्या नळाला मीटर लावायला आणि उतरलेली गिलकी तोलून वहीत लिहायला सांगितले. त्याने ते मान्य केले. मग आईने फोन घेतला आणि माझ्या वेलाला फळ धरले का, एवढेच विचारले. पाने चांगली आली आहेत, असे मी तिला सांगितले.