चार ओळींचं पत्र आणि सत्तर शेरे

प्रिंटच्या दुकानातल्या पोराला बजावलं होतं, "फिट टू पेज करू नकोस बाबा, आहे त्या मापातच काढ." त्याने काढून दिलं. 23 सेंटिमीटर उंच, 14.8 रुंद. म्हणजे आपल्या ए-5 कागदाएवढीच रुंदी आणि उंची दोन सेंटिमीटर जास्त. महिनाभर लॅपटॉपवर झूम करकरून जे बघत होतो, ते खरं तर एवढंसं आहे हे बघून तिथेच हसू आलं.

हे पत्र वांग शीझीचं. चौथ्या शतकातला चिनी अधिकारी, हुद्दा सेनापतीचा, पण चीनमध्ये त्याला ओळखतात ते अक्षरांसाठी. तिकडे त्याला सुलेखनाचा ऋषीच मानतात. पत्रात चार ओळी, 28 अक्षरं. मजकूर साधारण असा: "शीझीचा नमस्कार. भराभर बर्फ पडून गेला, आता उघडलंय, छान. तुम्ही खुशाल असाल. ते काही जमलं नाही, मनात राहून गेलंय." मग आवरतं घेतो अशा अर्थाचे ठरावीक शब्द, पुन्हा नमस्कार, आणि शेवटी 'शानयिनचे झांगसाहेब'. संपलं. (शानयिन म्हणजे चीनमधलं आजचं शाओशिंग शहर. 'काय जमलं नाही' यावर अभ्यासकांनी भरपूर शाई खर्च केली आहे.)

परवा एका मित्राने टोमणा मारलाच. "तुला चिनी वाचता येत नाही, मग बघतोस काय? भिंतीवरचं डिझाईन?"

त्याला म्हटलं, तू ख्याल ऐकतोस ना? बंदिशीत शब्द काय असतात? सासू जागी, नणंद जागी, पैंजण वाजतंय. तेवढं ऐकायला तू तीन तास मांडी घालून बसतोस होय? इथेही तसंच आहे. बर्फ, ऊन, खुशाली ही बंदिश झाली. बघायचं ते पुढे हाताने काय केलं ते.

आणि ते बघता येतं, हीच गंमत आहे. चिनी अक्षरात कुठली रेघ आधी, कुठली नंतर, हे ठरलेलं असतं. साधारण वरून खाली, डावीकडून उजवीकडे. तो क्रम थोडा जरी शिकलात तरी कुंचला कुठे टेकला, कुठे दाबला, कुठे नुसता घासून गेला, हे बोटाने गिरवता येतं. मी आमच्या गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर पाण्यात ब्रश बुडवून गिरवतो. चीनमध्ये बागांमधून म्हातारी माणसं असंच पाण्याने लिहीत असतात. माझं अक्षर बघून शेजारच्या पोरीने "काका, झुरळ काढलंय का?" असं विचारलं, ते सोडा.

पण गिरवताना एक गोष्ट हाताला कळली. सुरुवातीच्या नमस्काराची दोन अक्षरं त्याने एकात एक ओढून टाकली आहेत. आपण सा. न. वि. वि. कसं खरडतो, अगदी तसं. आणि लगेच पुढे 'बर्फ' आणि 'उघडीप' आली की हात सावकाश होतो. प्रत्येक अक्षर सुटं, रेघांची टोकं गोल, आत वळवून घेतलेली, कुठेही टोचत नाहीत. सवयीचं ते भराभर, डोळ्यांनी आत्ता पाहिलेलं ते निवांत. हे त्याने ठरवून केलं असेल असं मला मुळीच वाटत नाही, म्हणूनच मला ते आवडतं.

याच माणसाचं दुसरं पत्र जपानच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. लढायांच्या धामधुमीत वाडवडिलांच्या कबरींची पुन्हा विटंबना झाल्याची बातमी ऐकून लिहिलेलं. पहिल्या ओळी सावरलेल्या आहेत. मग अक्षरं एकमेकांत अडकायला लागतात, आणि शेवटी, कागदासमोर बसलोय, गळा दाटून आलाय, काय बोलावं कळत नाही, इथे येईपर्यंत हात पार सुटलेला असतो. अर्थ न कळणाऱ्या माणसालाही तिथे काहीतरी बिघडलंय हे दिसतं.

आता खरी मेख. यातलं काहीच त्याच्या हातचं नाही. वांग शीझीच्या हातचा एकही कागद आज उरलेला नाही. आपण बघतो त्या जुन्या नकला. बर्फाचं पत्रही तांग घराण्याच्या काळातली (सातवं ते दहावं शतक) नक्कल मानतात. मूळ पत्रावर पातळ कागद ठेवायचा, प्रत्येक रेघेची कड केसासारख्या रेषेने काढून घ्यायची, मग आत शाई भरायची. क्षणात ओढलेली रेघ, आणि तिच्या दोन्ही कडांवरून मुंगीच्या पावलांनी चाललेला कोणी अनाम कारागीर. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. आता उलट त्या कारागिरापुढेच जास्त हात जोडावेसे वाटतात. काही नकलांमध्ये तर मूळ कागदाच्या फाटक्या कडाही इमानदारीने उतरवल्या आहेत!

माझा राग आहे तो चियानलोंग बादशहावर. अठराव्या शतकात हे पत्र त्याच्याकडे आलं. आणखी दोन जुन्या पत्रांसोबत ठेवायला त्याने महालात एक खोली केली, 'तीन दुर्मिळ गोष्टींची'. इथवर ठीक. पण मग गडी सुटला. पत्राशेजारी भलंमोठं अक्षर लिहिलं, 'दिव्य'. शिक्क्यांवर शिक्के. पुढे बर्फ पडला की काढ पत्र, लिही शेरा, असं म्हातारपणापर्यंत. सत्तरहून जास्त शेरे आहेत त्याचे. चार ओळींच्या पोस्टखाली एकाच माणसाच्या सत्तर कमेंट! पुढे त्या तीन पत्रांची ताटातूट झाली. हे तैपेईच्या संग्रहालयात, बाकीची दोन बीजिंगला.

मी माझ्या प्रिंटवरचा बादशहा कात्रीने कापून टाकला आणि उरलेलं फ्रिजवर चिकटवलं. आईने भाजी काढता काढता विचारलं, काय लिहिलंय. सांगितलं: बर्फ थांबला, उघडलं, छान वाटलं, तुम्ही बरे असाल.

"एवढंच?"

"एवढंच."

तिने कोथिंबीर बाहेर काढली, दार लावलं, पुन्हा एकदा कागदाकडे बघितलं.

"मग त्या झांगसाहेबांनी उत्तर धाडलं का?"