ओळखीच्या हॉटेलात गप्प बसून जेवणाऱ्यांसाठी

राजेहो, थोडं लांब लिहून राहिले, पण वाचा, कारण हे मनात लय दिवसांपासून आहे.

मला खरंच असं वाटते का आपल्या तालुक्याच्या गावांतली हॉटेलं बिघडतात त्यात अर्धा वाटा आपला आहे, म्हणजे गिऱ्हाइकाचा. भाजी खारट राहो, रोटी कच्ची राहो, बिलात दोन रोट्या जास्तीच्या लागलेल्या राहो, आपण काउंटरवर पैसे देतो, बडीशेप तोंडात टाकतो, मालकाने "कसं होतं जेवण?" विचारलं का "एक नंबर" म्हणतो, आणि गाडीत बसल्याबरोबर सुरू होतो का काही दम नव्हता, पुन्हा इथे येणं नाही. घरी गेल्यावर शेजारी सांगतो, लग्नात भेटलेल्या पाव्हण्यांना सांगतो, साऱ्या गावाला माहीत होते, फक्त ज्याला माहीत व्हायला पाहिजे त्यालाच होत नाही. मग वर्ष-दीड वर्षात शटर पडते, बोर्ड बदलतो, दुसरा कोणी कर्ज काढून त्याच जागेत हॉटेल टाकतो आणि त्यालाही कोणी काही सांगत नाही.

पुण्या-मुंबईत हे सोपं आहे. तिथे मालक कोण, आचारी कोण, कोणाला माहीत नसते, पटलं नाही तर माणूस बोलून मोकळा होतो. आपल्याकडे हॉटेलवाला भावाच्या वर्गातला राहते, त्याच्या बापाच्या दुकानातून आपण सोयाबीनचं बियाणं उधारीवर उचललेलं राहते, नाही तर तो सासूबाईंच्या माहेरचा निघते. मग भाजीला वास येऊन राहिला हे सांगणं म्हणजे त्याच्या घरादाराचा अपमान केल्यासारखं वाटते. ही भीड मला समजते, मी पण याच गावात राहते. पण ज्या माणसाने बायकोचं सोनं गहाण ठेवून टेबल-खुर्च्या घेतल्या त्याला खरं न सांगणं हा त्याच्यावरचा उपकार नाही हो.

याच गावात सकाळी तर्री-पोह्याच्या गाड्या लागतात ना, त्या पाहा. कितीतरी वर्षं त्याच जागेवर, तीच चव. कारण तिथे खाणारा उभा राहूनच खाते आणि खाता-खाताच बोलते. "काऊन गा भाऊ, आज तर्री पातळ झाली?" "हाव ना, थांब, खालून देतो." झालं. बनवणारा आणि खाणारा यांच्यात फक्त तर्रीचा गंज (भांडं) आहे, मधात वेटर नाही, मॅनेजर नाही, काचेचा दरवाजा नाही. आलुबोंडा गार असला तर माणूस तिथेच म्हणते का कढईतला दे. त्या गाडीवाल्याला रोज सकाळी शंभर जण तपासून जातात आणि म्हणून तो टिकून आहे. एक गोष्ट मात्र तिथेही बोलली पाहिजे, ती पेपरच्या कागदाची. गरम बोंडा छापील पेपरात दाबून तेल काढायची आपल्याला सवयच आहे, पण छपाईची शाई पोटात जाते म्हणून अन्न सुरक्षावाल्यांनी पेपरात खाण्याचं बांधून देणं बंद करायला सांगितलेलं आहे. प्लेट मागा, तो देते.

आता बायपासवर आणि नागपूर-तुळजापूर हायवेच्या बाजूने जी नवीन फॅमिली रेस्टॉरंटं झाली त्यांचं मेनूकार्ड उघडा. बारा-पंधरा पानं. पनीर अंगारा, पनीर तुफानी, पनीर हे आणि पनीर ते, आणि टेबलावर जे येते ते सगळं एकाच लाल ग्रेव्हीतलं, वर कधी किसलेलं चीज तर कधी काजूचे तुकडे. दोन वेगळ्या भाज्या मागवा आणि डोळे मिटून खाऊन पाहा, ओळखता येत नाही. एवढी पानं छापली का एवढं सामान रोज ताजं ठेवणं कोणालाच शक्य नसते, मग फ्रीजरमधून काढून ग्रेव्हीत टाकणं आलंच. शेगावच्या कचोरीचं नाव देशभर झालं ते एकाच पदार्थावर.

मला खरा राग येते तो दुसऱ्या गोष्टीचा. आपला यवतमाळ जिल्हा म्हणा, वाशीम म्हणा, अकोला, अमरावती म्हणा, हा सारा तुरीचा मुलूख आहे. डिसेंबर-जानेवारीत शिवारात ओल्या शेंगा लागतात, घरोघरी सोले-वांगे (सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे) होतात, सोलेभात होते, आणि त्याच दिवसांत हॉटेलात काय मिळते तर फ्रोजन मटारचा मटर पनीर! पाटोडीचा रस्सा, गोळाभात, आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, डाळकांदा, यातलं काही मागा, वेटर आपल्याकडे असं पाहते जसं आपण घर चुकलो. सावजीचं मटण मिळते, त्याचं नाव आहे आणि ते चांगलंच आहे, पण शाकाहारी माणसाने काय करावं? रोडगे-वांग्याची भाजी खायची तर कोणाच्या शेतातल्या पंगतीची वाट पाहायची, ते पैसे देऊन मिळतच नाही. मी एका हॉटेलात विचारलं तर मालक म्हणाला, "ताई, घरी रोज खाते ते इथे कोण मागणार वो?" मी म्हटलं दादा, मी मागून राहिले ना. बाहेरगावचा पाव्हणा आला का त्याला आपण काय खाऊ घालतो, पनीर अंगाराच ना? तो तर त्याच्या गावातही मिळते.

बाहेर खाणं म्हणजे फक्त वाढदिवस आणि रविवार असं समजू नका. आपल्या गावात रोज बाहेर खाणारा सगळ्यात मोठा माणूस कोण आहे? खेड्यातून आलेला. तहसीलच्या कामाला आलेला, सरकारी दवाखान्यात कोणाला भरती केलं म्हणून आलेला, कापसाची गाडी जिनिंगसमोर रांगेत लावून रात्रभर बसलेला, बाजाराच्या दिवशी बायको-लेकरं घेऊन आलेला. त्याला कसं वागवतात ते पाहा. बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात मी डोळ्यांनी पाहिलं, धोतर-टोपीतले म्हातारे बाबा एकटेच बसले होते, चौघं पोरं आली तर वेटरने बाबांना ताटासकट उठवून हात धुवायच्या बेसिनजवळच्या स्टुलावर बसवलं. बाबा काही बोलले नाही. मी बोलले, आणि आवाज चढवून बोलले, तेव्हा मालकाने येऊन त्यांना परत टेबलावर बसवलं. त्या बाबांनी पैसे तेवढेच दिले जेवढे त्या पोरांनी दिले असते.

आणि जेवण किती मिळणार हे त्याला आधी कोणी सांगते का? २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपयांत. तिच्यात ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण, असं सरकारने ग्रॅमसकट ठरवून दिलं होतं. त्या योजनेचं पुढे काय झालं, केंद्रचालकांची बिलं कशी अडकली, तो वेगळा विषय आहे. पण दहा रुपयांच्या थाळीत किती वाढणार ते लिहिता येते तर दीडशेच्या थाळीत का नाही? "राईस प्लेट" एवढंच लिहिलेलं राहते. खिशात मोजके पैसे घेऊन आलेला माणूस तिसरी चपाती मागते आणि बिलाच्या वेळी त्याला समजते का ती एक्स्ट्रा होती. भिंतीवर एक ओळ लिहायची आहे, चपात्या किती, भात एकदा का पोटभर. तेवढ्याने त्या माणसाची इज्जत राहते.

बिलाचं पण स्पष्ट बोलू. चिठ्ठीवर पेनाने आकडे आणि खाली एकच टोटल, याला बिल म्हणत नाही. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी आहे, आणि तो लावला तर बिलावर त्यांचा जीएसटी नंबर पाहिजेच. जे हॉटेलवाले कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) आहेत ते गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊच शकत नाही, तसं त्यांना बिलावर लिहावं लागते. आणि १ जानेवारी २०२२ पासून एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षावाल्यांच्या लायसन्सचा, १४ आकडी नंबर पण बिलावर टाकणं बंधनकारक आहे. आपल्या तालुक्यात कच्च्या चिठ्ठीवर "टॅक्स" लिहून पैसे लावलेले मी पाहिले आहेत. शांतपणे विचारा, दादा जीएसटी नंबर दाखवा. नंबर नसेल तर तो पैसा सरकारकडे चाललाच नाही. आणि दाद लागत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीतही बोलता येते.

पाण्याच्या बाटलीवरून लोक भांडतात का छापील किमतीपेक्षा जास्त काहून घेतले. तर बसवून जेवण वाढणाऱ्या हॉटेलला तसे घेता येतात, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्येच तो निकाल दिला आहे, त्यामुळे तिथे वाद घालून फायदा नाही. मी वेगळं म्हणते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, बाहेरून आलेल्या माणसासमोर आधी साधं थंड पाणी ठेवा आणि मग विचारा बाटली पाहिजे का. आल्या-आल्या सीलबंद बाटली उघडून ग्लासात ओतायची, हे बरोबर नाही.

आता बायांचं. बोर्डावर "बार अँड फॅमिली रेस्टॉरंट" लिहिलेलं राहते. फॅमिली म्हणजे काय, तर मागच्या बाजूला पडदे लावलेली एक खोली, जिथे जायला आधी साऱ्या पिणाऱ्यांच्या टेबलांमधून जावं लागते. दोघी-तिघी मैत्रिणी, सोबत माणूस नाही, तर वेटर आधी विचारते "अजून कोणी येऊन राहिलं का?" नाही येऊन राहिलं, आम्हीच आहोत, जेवायला आलो. रस्त्याच्या बाजूने वेगळा दरवाजा काढायला किती खर्च येते? आणि बाथरूम. ताजमहालासारखं फॉल्स सीलिंग करतात, रंगीत लायटिंग लावतात, सेल्फी पॉइंट करतात, आणि बाथरूमला कडी नाही, पाणी नाही, बाल्टी नाही. घरातल्या बाया हॉटेल निवडतात ते बाथरूम पाहून, ही गोष्ट पुरुष मालकांना कोणी सांगतच नाही म्हणून मी इथे जाहीर सांगते. आमच्या घरी तरी कुठे जेवायला जायचं हे यावरच ठरते.

मालकांच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. आपल्याकडे हॉटेलचा धंदा कापसावर चालते. दिवाळीनंतर कापूस विकला का दोन-तीन महिने टेबल मिळत नाही, आणि पेरणीच्या दिवसांत सारा पैसा बियाण्या-खतात गेलेला राहते तेव्हा पंखे नुसते फिरतात. घरगुती १४.२ किलोचं सिलेंडर हॉटेलात चालत नाही, १९ किलोचं कमर्शियल लावावं लागते, त्याचा भाव वेगळा. आचारी मिळत नाही, मिळाला तर लग्नसराईत केटररवाला जास्त पैसे देऊन उचलून नेते. लाईटचा तर भरवसाच नाही. म्हणून उशीर होते, मान्य. पण उशीर होणार आहे हे सांगायला पैसे लागत नाहीत. "ताई, अर्धा तास लागते, आचारी एकच आहे" असं म्हटलं तर लोक बसतात हो. पाच मिनिट, पाच मिनिट म्हणून पाऊण तास बसवलं का लेकरं रडायला लागतात आणि मग आलेलं चांगलं जेवणही कडू होते.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत एक मावशी मेस चालवते. वकील, क्लार्क, कॉलेजची पोरं सगळी तिथेच. दारावर खडूने आजची भाजी आणि भाव. मी एकदा म्हटलं, मावशी, वरणात आज हिंग जास्त झाला वो. तिने तिथल्या तिथे चाखून पाहिलं, म्हणाली "हाव बाई, पोरीने दुसऱ्यांदा टाकला वाटते," आणि माझ्या वाटीत घरच्यासाठी काढून ठेवलेलं वरण वाढलं. राग नाही, रुसवा नाही. उलट आता मी गेली का तीच आधी विचारते आज कसं झालं म्हणून. बोललं का संबंध तुटतात असं ज्यांना वाटते त्यांनी एकदा बोलून तर पाहा.

बोलायचं मात्र जेवतानाच, भाजी समोर असताना, आवाज न चढवता, शक्यतो मालकाशी. वेटरच्या पोरावर ओरडू नका, बैतूल-छिंदवाड्याहून आलेलं पंधरा हजारांसाठी राबणारं लेकरू आहे ते, त्याने भाजी नाही केली. आणि मोबाईलवर रिव्ह्यू लिहायचा तर काय खाल्लं, कोणत्या दिवशी, काय कमी पडलं ते लिहा. आपल्या गावातले रिव्ह्यू वाचले का एक तर मालकाच्या मित्रांचे पाच स्टार राहतात, नाही तर निवडणुकीतला राग काढलेला एक स्टार, जेवणाबद्दल कोणत्याच्यात काही नाही. चांगलं झालं तर तेही नावासकट सांगा, भात मोकळा होता, ताक ताजं होतं. मालकाला तेही कुठे समजते.

हॉटेलवाल्या भावांनो, हे वाचून राहिले असाल तर या हिवाळ्यात एवढंच करून पाहा, मेनूकार्डातली चार पनीरं कमी करा आणि शेंगा बाजारात आल्या का दारावर एक बोर्ड लावा, आज सोले-वांगे, ज्वारीची भाकर, एवढे रुपये. कोणी लावला तर मला मेसेज करा. आम्ही घरचे सारे जेवायला येऊ, आणि मीठ कमी पडलं तर तेही काउंटरवरच सांगू.