डिब्रूगडचे सव्वाचार, द्वारकेचे सहा

देशाला एकच घड्याळ पुरतं की दोन हवीत, यावर चहाच्या टेबलाशी वाद चालला होता. मास्तरांनी पेपरच्या कडेला गणित मांडलं. "द्वारका ६९ रेखांशावर, आसामातलं डिब्रूगड ९५वर. अंतर २६ अंशांचं, अंशाला ४ मिनिटं. म्हणजे सूर्य डिब्रूगडला पावणेदोन तास आधी डोक्यावर येतो, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. जूनच्या शेवटी डिब्रूगडला सूर्य उगवतो सव्वाचारला, द्वारकेला सहा-दहाला."

"डिसेंबरचं सांगा," बंड्या म्हणाला.

"डिब्रूगडला सहाच्या आत उगवतो आणि चार-वीसला मावळतो. दहाला कचेरी उघडेपर्यंत चार तासांचं ऊन वाया गेलेलं असतं आणि पाचला माणूस बाहेर पडतो तो अंधारात. द्वारकेला सूर्योदय साडेसातला, सूर्यास्त सव्वासहाला."

"मग सगळ्या देशाचंच घड्याळ अर्धा तास पुढे करा की."

अण्णा उसळले. "अरे, द्वारकेच्या पोरांचा विचार कर! डिसेंबरात सूर्योदय आठला येईल. सकाळच्या शाळेची पोरं किर्र अंधारात रस्त्यावर. आणि डिब्रूगडला मिळणार काय, तर चार-वीसऐवजी चार-पन्नास."

या मुद्द्यावर अण्णांचं कोणी खोडू शकलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मास्तरांचा आग्रह दोन वेळ-विभागांचा. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी तसं मांडलं होतं: ८९ अंश ५२ मिनिटं रेखांशावर, बंगाल-आसामच्या चिंचोळ्या सीमेवर रेघ, पलीकडे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे, म्हणजे आत्ताच्या घड्याळाच्या एक तास पुढे.

"आणि रुळांवर टक्कर," बंड्या म्हणाला.

गार्डसाहेबांनी कप खाली ठेवला. "टक्कर नाही व्हायची. ब्लॉक इन्स्ट्रुमेंट, म्हणजे दोन स्टेशनांना जोडणारं यंत्र, घड्याळ बघत नाही. पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर, म्हणजे रूळ मोकळा असल्याची खूण, दिल्याशिवाय गाडी सुटतच नाही. घोळ होईल तो नोंदीत. लाइन क्लिअरची वेळ दोन्हीकडच्या रजिस्टरांत लिहितात. एकीकडे १०:०५, दुसरीकडे ११:०५ पडलं की चौकशीत कागद जुळायचे नाहीत. म्हणून रेल्वेचं घड्याळ देशभर एकच ठेवायचं. रशियात २०१८ पर्यंत गाड्यांची तिकिटं मॉस्कोच्या वेळेनंच निघत. आपल्याकडेही १९०६ च्या आधी रेल्वे मद्रास टाइमवर धावे, आणि मुंबईचं घड्याळ तिच्या अर्धा तास मागे."

"मग प्रवासी तासभर आधीच येऊन बसतो," अण्णा म्हणाले. "घरचं घड्याळ अकरा म्हणतं, तिकीट दहा."

"बसतो. रोजचा प्रवासी नाही, पाहुणा बसतो."

मास्तर म्हणाले, आसामच्या चहाच्या मळ्यांत हे इंग्रजांच्या काळापासून चाललंय. बागान टाइम, म्हणजे मळ्याची वेळ, आपल्या प्रमाणवेळेच्या, आयएसटीच्या, एक तास पुढे. मळ्यातले आठ म्हणजे बाहेरचे सात. १९५१ च्या मळे कामगार कायद्यातही स्थानिक वेळ ठरवायची मुभा होती. मळ्यात भेट ठरवताना 'बागान की आयएसटी' एवढं विचारून घ्यायचं. नाही विचारलं तर माणूस तासभर उशिरा पोचतो.

"पण तिथे रेघ मळ्याच्या फाटकाशी संपते," अण्णा म्हणाले. "राज्यभर करायची तर बँका, देशभरच्या परीक्षा, शेअर बाजार सगळ्यांशी रोज तासाचा हिशेब. त्यापेक्षा घड्याळाला हात लावू नका. तिथली सरकारी कचेरी आठला उघडा, तीनला बंद करा. एका परिपत्रकाचं काम."

"आणि दिल्लीहून साडेतीनला फोन आला तर?" गार्डसाहेबांनी विचारलं.

अण्णांनी दुसरा चहा सांगितला.