पाटा वाढवा, काळजी मिटवा

पिकअप पंधरा वर्षांची झाली. रिकामी उभी असली तरी मागून बसलेली दिसते आणि ड्रायव्हरच्या अंगाला चार बोटं कललेली असते. म्हणजे पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानीतल्या पोलादी पट्ट्या, बदलायची वेळ आली. घाबरू नका. आमच्या चांदवड-लासलगाव पट्ट्यात या कामाचे एवढे जाणकार आहेत की गाडीखाली कोणी शिरायच्या आधीच चहाच्या टपरीवर निकाल लागलेला असतो.

पहिली गोष्ट, टेप घेऊन मोजमाप करत बसू नका. काही किरकिरे लोक पाट्यांची संख्या, रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, टोकाच्या कड्यातल्या बुशाचं भोक, वर सेंटर बोल्टपासून (सगळे पाटे एकत्र ओवणारा बोल्ट) पुढचं टोक किती आणि मागचं टोक किती, असं सगळं वहीत लिहून नेतात. तुम्ही दुकानात जाऊन एवढंच म्हणा, "पिकअपचे पाटे द्या." दुकानदार विचारेल, "बोलेरो की टाटा २०७? कोणत्या सालची? किती पाट्यांची?" त्यावर जरासं रागावून सांगा, "आपली साधीच हो, नेहमीची." जे हातात पडेल ते घेऊन या. सेंटर बोल्ट बऱ्याच गाड्यांत पाट्याच्या बरोबर मध्यावर नसतो. त्यामुळे कमान उलटी बसली की एक्सल पुढे-मागे सरकतो आणि चाक मडगार्डला विचारपूस करायला जातं. जाऊ द्या. शेजारधर्म आहे.

जाडीचं तर मनावरच घेऊ नका. आठ मिलिमीटरऐवजी नऊचा पाटा आला, तर फरक नखाएवढा. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे या नखाएवढ्या फरकाने पाटा ४२ टक्के कडक होतो, आणि दहाचा घातलात तर जवळपास दुप्पट. मग रिकामी गाडी येवल्याच्या रस्त्यावर बेडकासारखी उड्या मारत जाते. कमरेचा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो, त्याचं मात्र माप घेतात.

मुख्य पाटाच मोडला असेल तर नवा कशाला? वेल्डिंग करा. पाट्याचं पोलाद तापवून, विझवून, बेताने पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरतं आणि पाटा पुन्हा मोडतो, पण वेल्डिंगवर नाही, त्याच्या दोन बोटं शेजारी. म्हणजे वेल्डरचं काम एक नंबर होतं, हे सिद्धच झालं. आणि बदलायचा तर मोडलेल्या बाजूचाच बदला. दुसऱ्या बाजूने पंधरा वर्षं इमानाने चाकरी केली, तिला काढून टाकणं बरं दिसत नाही. गाडी आता या अंगाऐवजी त्या अंगाला कलेल एवढंच.

कमान एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट जुनेच चालतात. ताणून लांबले असले तरी पाना लागतो ना? माल भरून दोन-चारशे किलोमीटर झाले की ते पुन्हा आवळायचे असतात, असं मिस्त्री सांगेल. तो तेव्हा हात पुसत असतो, तुम्ही पैसे मोजत असता. कोणालाच ऐकू येत नाही. यू बोल्ट सैल राहिले की सगळा ताण बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागते. मागून येणाऱ्याला वाटतं, तुम्ही वळताय.

आता खरा उपाय. एक पाटा जास्त टाका. शक्यतो दोन. सव्वा टनाची गाडी म्हणजे साडेबारा क्विंटल कांदा, एवढ्यात डिझेल तरी सुटतं का? दोन पाटे वाढवले की तीच गाडी २५ क्विंटल घेऊन ताठ मानेने उभी राहते. मागून बघा, बसलेली दिसतच नाही. आणि जे दिसत नाही ते नसतं. (आमच्या गाडीला सातवा पाटा मी स्वतः उभं राहून घालून घेतला, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.)

पाट्यांनी मोडायचं सोडलं म्हणून मोडणं थांबत नाही, नुसती बदली होते. चॅसिसला शॅकलच्या, म्हणजे कमान टांगणाऱ्या कडीच्या, जागी तडा जातो, हबचे बेअरिंग ओरडतात, टायर मधूनच फुटतो. काही पिकअपांत मागच्या एक्सलला एक दांडा जोडलेला असतो. मागची बाजू किती दबली ते पाहून तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. कडक पाट्यांमुळे गाडी दबत नाही, दांड्याला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि अडीच टन कांदा असताना तो मागचा ब्रेक हात राखून देतो. फसवायचं आरटीओला होतं, फसला ब्रेक.

आरटीओचं म्हणाल, तर साहेब पाटे मोजायला गाडीखाली वाकत नाहीत. ते गाडी सरळ काट्यावर घालतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा मालाला २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि माल उतरवायचा खर्चही तुमचाच. आम्ही मात्र बाजार समितीत स्वतःहून काट्यावर चढतो. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पाच किलो कमी दाखवलं म्हणून भांडण, आणि शेवटी किलोपर्यंत खरी पावती.

ती पावती डॅशबोर्डवर काचेला टेकवून ठेवू नका. खिशात ठेवा.