कफाचे जीन्स नंतर, मूळ बिघाड सीएफटीआरमध्ये
एका लेखात लिहिलंय की सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात श्वासनलिकेतले म्युकसचे, म्हणजे कफाचे, जीन्स जास्त चालतात म्हणून कफ चिकट होतो. हे अर्धंच आहे हो, माझ्या भाचीला हा आजार आहे म्हणून राहवलं नाही. मूळ बिघाड सीएफटीआर जीनमध्ये, ७व्या क्रोमोसोमवर, १९८९ साली सापडला तो. हा जीन कफ बनवत नाही, पेशीतून क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर सोडणारं दार बनवतो. कफातलं म्युसिन, म्हणजे त्याला घट्टपणा देणारं प्रथिन, पेशीत घट्ट घडी घालून दाबून भरलेलं असतं, बाहेर आल्यावर फुलायला त्याला पाणी आणि बायकार्बोनेट लागतं, आणि दारच बंद असेल तर ते फुलणार कसं, तिथेच चिकटून बसतं. मग जंतू, मग सूज, आणि त्या सुजेमुळे एमयूसी५एसी, एमयूसी५बी हे म्युसिनचे जीन्स अजून जोरात चालतात, म्हणजे तुंबलेल्या मोरीत वरून नळ सोडल्यासारखं.

ताई रोज शाळेआधी तिला मिठाच्या पाण्याचा नेब्युलायझर देते, मग पालथं झोपवून हाताची ओंजळ करून पाठीवर थापत राहते, २० मिनिटं, तेव्हा कुठे हिरवट दोरीसारखा बेडका सुटतो. तान्ही असताना कपाळाची पापी घेतली की खारट लागायची, आम्हाला वाटायचं उन्हाळा आहे, घाम असेल, आणि दोन वर्षं न्यूमोनिया न्यूमोनिया करण्यात गेली. बाळाचा खोकला हटत नसेल, वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना घामातलं मीठ मोजणाऱ्या टेस्टबद्दल विचारा प्लीज, त्यात सुईसुद्धा टोचत नाहीत.